पोटात गोळा येतो, तेव्हा सांगायचं कुणाला?

आदरणीय मावशी,

मी इंदूरमधल्या एका खासगी शाळेत तिसरीची वर्गशिक्षिका आहे. माहेर ग्वाल्हेरचं, सासर राजेंद्रनगरचं, नोकरीला १९ वर्षं झाली. या जुलैपासून आमच्या प्राचार्यांनी पहिली ते पाचवीला आठवड्यातून एक नवा तास सुरू केलाय. स्वतःची सुरक्षितता, मनाचं आरोग्य आणि नाती असा विषय. परदेशात प्राथमिक शाळेत हे सक्तीचं आहे म्हणे. तिसरीचा तास माझ्याकडे आलाय. हातात एक चित्रांचं पुस्तक आणि ‘गुड टच, बॅड टच’चं पोस्टर दिलंय, बाकी काही नाही. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज वाद चाललेत, आठ वर्षांच्या मुलांना हे कशाला म्हणून. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी नव्हतं, आमचं काय बिघडलं? आणि खरं सांगू, त्या पुस्तकातले शब्द मला स्वतःलाच उच्चारता येत नाहीत. पालकसभेत काय बोलू? वर्गात सुरुवात कुठून करू? वेळापत्रकात या तासाला नाव काय देऊ, हेही सुचत नाही.

ता. क. वर्गातली एक मुलगी महिनाभर शाळा सुटली की दप्तर भरायला मुद्दाम वेळ लावते. व्हॅनमध्ये पुढे बसायचं नाही म्हणते. विचारलं तर ‘कुछ नहीं मैम’. की हे पुस्तक वाचून वाचून मलाच नको ते दिसायला लागलंय?

एक शिक्षिका, इंदूर

प्रिय ताई,

बाकीच्या पत्राचं उत्तर देते, पण आधी ताजा कलम. तुम्ही ज्याला शेवटी जागा दिलीत, ते सगळ्यात आधीचं आहे.

तुम्हाला नको ते दिसत नाहीये. तुम्हाला एक मूल दिसतंय. शाळेच्या कितीतरी व्हॅनमध्ये इंजिन पुढच्या सीटच्या खालीच असतं. ती सीट तापते, पेट्रोलचा वास येतो, काही मुलांना मळमळतं. कारण तेवढंच असू शकतं. पुढे बसणारी एखादी मोठी मुलगी चिमटे काढत असेल. किंवा तुमच्या मनात जे आलंय, तेही असू शकतं. यातलं काय खरं हे ठरवणं तुमचं काम नाही, म्हणून त्याचं ओझं घेऊ नका. त्या मुलीला बोलायला जागा करून देणं तेवढं तुमचं काम आहे.

तिला सगळ्यांसमोर बोलावू नका. खुर्चीवर समोरासमोर बसवून विचारू नका. या वयाची मुलं डोळ्यांत डोळे घालून मनातलं सांगत नाहीत. वह्यांचा गठ्ठा लावताना, फळा पुसताना, बाजूबाजूला चालताना सांगतात. तिला कपाट लावायला हाताशी घ्या आणि सहज म्हणा, ‘व्हॅनमध्ये पुढे बसायला तुला नको वाटतं ना, त्याबद्दल मला ऐकायचंय. आज नाही तर उद्या, कधीही.’ आणि मग गप्प राहा. ही गप्प राहण्याची दोन मिनिटं फार अवघड असतात, आपण शिक्षक तर मुळीच गप्प बसू शकत नाही. पण ‘भैयाने काही केलं का?’ असं विचारू नका. हो-नाहीचा प्रश्न विचारून आपणच तिच्या तोंडात उत्तर घालतो, आणि पुढे तपासाची वेळ आली तर तोच प्रश्न तिच्या विरोधात जातो.

ती बोलो न बोलो, आजच तिच्या आईला फोन करा. निष्कर्ष सांगू नका, पाहिलेलं सांगा: महिनाभर सुटताना रेंगाळते, पुढच्या सीटला नाही म्हणते. काही दिवस घरच्यांनीच न्यायला यावं असं सुचवा. ड्रायव्हरला मात्र तुम्ही काही विचारू नका, शाळेतल्या दुसऱ्या कुणालाही विचारू देऊ नका. निरपराध असेल तर त्याची नाहक बदनामी होईल, आणि नसेल तर तो सावध होईल. दोन्हीकडून नुकसान मुलीचंच.

आणि ती बोललीच, तर तिला तीन गोष्टी ऐकू येऊ द्या: सांगितलंस ते बरं केलंस, तुझी यात काही चूक नाही, मी तुला मदत करणार आहे. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही. तिच्यासमोर रडू नका, संतापू नका. मोठ्या माणसाचा चेहरा बदललेला दिसला की मुलं तिथल्या तिथे बोलणं गिळतात. एकटं झाल्यावर तिचे शब्द तिच्याच भाषेत, जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. आणि तिला तेच पुन्हा प्राचार्यांसमोर, पुन्हा समुपदेशकासमोर, पुन्हा विश्वस्तांसमोर सांगायला लावू नका.

आता कायद्याचं. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला आपण पॉक्सो म्हणतो, तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं, किंवा होईल अशी ज्याला आशंका आहे, त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. शिक्षकालाही यातून सूट नाही. न कळवणाऱ्याला कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं प्रकरण दडपलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. मुलाला मात्र न सांगितल्याबद्दल कुठलीही शिक्षा नाही. कलम १९ मध्येच एक दिलासाही आहे, जो शिक्षकांना कुणी सांगत नाही: चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कसलीही दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. म्हणजे तुमची शंका खोटी ठरली तरी, ती प्रामाणिक असेल तर कायदा तुमच्या पाठीशी आहे.

लोक पोलिसांचं नाव काढलं की दचकतात, म्हणून हेही पालकांना सांगून ठेवा. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. जबाबाच्या वेळी आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेलं माणूस जवळ असतं. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. नाव, पत्ता, शाळा काहीही वर्तमानपत्रात छापता येत नाही. आणि थेट ठाण्यात जायचा धीर होत नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा फोन दिवसरात्र चालतो, मोठ्यांनी केला तरी चालतो.

एवढं लांबण लावलं, कारण ‘झाकली मूठ’ ही आपल्या मराठी घरांची जुनी खोड आहे. माझीही होती. खूप वर्षांपूर्वी मी एका शाळेत दुसरीला शिकवत होते. वर्गातला एक मुलगा मला म्हणाला, ‘बाई, मला शिकवणीला नाही जायचं.’ मी म्हटलं, अभ्यासाचा कंटाळा बरा नव्हे. पुढच्या आठवड्यात पुन्हा म्हणाला. मी त्याच्या आईला निरोप पाठवला की हा टाळाटाळ करतोय, लक्ष ठेवा. मोठा झाल्यावर तो माझ्याकडे लग्नाची पत्रिका घेऊन आला होता. चहा झाला, निघताना चप्पल घालता घालता म्हणाला, ‘बाई, मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं.’ पुढचं सांगायची गरजच राहिली नाही. ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. तुमच्या ताज्या कलमावर मी इतकी का थांबले, ते यावरून कळेल.

त्या मुलाला शब्द येत होते. ‘नाही जायचं’ यापेक्षा स्पष्ट आणखी काय बोलायचं? कमी पडलं ते ऐकणारं माणूस. म्हणून तुमच्या नव्या तासाबद्दल माझं म्हणणं एकच: हा तास मुलांना ओरडायला-पळायला शिकवण्याचा म्हणून घेऊ नका. आठ वर्षांचं मूल मोठ्या माणसाच्या पकडीतून सुटू शकत नाही, आणि ओळखीच्या, लाडक्या माणसासमोर तर त्याच्या तोंडून आवाजही फुटत नाही. त्याने आरडाओरडा केला नाही म्हणून पुढे त्याचं तेच स्वतःला दोषी धरत बसतं. मुलाने सांगावं, आणि सांगितल्यावर कुणीतरी ऐकावं, एवढ्यासाठी हा तास आहे. दुसरी बाजू तयार नसेल तर पहिली शिकवण्यात अर्थ नाही.

ते पोस्टर तूर्त गुंडाळून ठेवा. ‘बॅड टच’ या शब्दाशी माझं भांडण आहे. मूल ‘वाईट’ म्हणजे दुखणारं असं धरतं. इंजेक्शन दुखतं, केस विंचरताना दुखतं, आणि ते वाईट नसतं. उलट जो माणूस मुलाचा गैरफायदा घेतो तो बहुतेक वेळा दुखवत नाही. गुदगुल्या करतो, खाऊ देतो, मोबाइलवर खेळू देतो, ‘तू माझी सगळ्यांत लाडकी’ म्हणतो. मूल गोंधळतं: छान वाटलं, मग हे वाईट कसं? आणि छान वाटलं म्हणजे मीच वाईट? म्हणून भावनेवर नियम बांधू नका, शरीरावर बांधा. ओठ, छाती, दोन पायांच्या मधली जागा, मागची बाजू. या जागांना कुणी हात लावायचा नाही, बघायच्या नाहीत, आपल्याला दुसऱ्याच्या बघायला-हात लावायला सांगायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. आंघोळ घालणारी आई-आजी आणि आईबाबा सोबत असताना तपासणारे डॉक्टर, एवढाच अपवाद. हे कुणी मोडलं तर चूक मोडणाऱ्याची. मग तो काका असो, मोठा दादा असो, सर असो की बाई असो. बाई हा शब्दही घाला, मुलं तो विसरत नाहीत.

आता शब्दांची लाज. ती तुम्हालाच वाटते असं नाही. आपण घरात ‘शूची जागा’, ‘शीची जागा’ म्हणतो, ते तिसरीपर्यंत चालतं. पण प्रत्येक घरात आणखी एक लाडाचा शब्द असतो, आणि घोळ तिथे होतो. एका घरी ‘चिमणी’ म्हणत. आता कल्पना करा, त्या घरातला मुलगा तुमच्या वर्गात येऊन हिंदीत सांगतोय, ‘मैम, भैया मेरी चिमनी पकड़ते हैं.’ हिंदी घरातल्या शिक्षिकेला यातून काय कळणार? धुराडं? इंदुरात तर मराठी, माळवी, सिंधी, गुजराती, हिंदी अशा सगळ्या घरांतली मुलं एका बाकावर बसतात. म्हणून शिश्न, योनी, गुदद्वार हे शब्द मुलांना एकदा माहीत असायला हवेत, कोपर आणि गुडघा माहीत असतो तसे. आधी घरी, दार लावून, आरशासमोर दहा वेळा मोठ्याने म्हणा. खरंच म्हणा. अकराव्या वेळी ते गुडघ्यासारखे वाटायला लागतात. तुमचा आवाज अडखळला तर मुलं शब्द विसरतील आणि अडखळणं लक्षात ठेवतील.

पण सुरुवात इथून करायची नाही. जुलैत सुरुवात करा नाव, पत्ता आणि एका मोठ्या माणसाचा फोन नंबर पाठ करण्याने. अनंत चतुर्दशीच्या झाँकी, म्हणजे चित्ररथांची मिरवणूक, बघायला रात्रभर रस्ते माणसांनी फुललेले असतात, त्यात हात सुटला तर कुठे उभं राहायचं, कुणाला सांगायचं, हे मुलांकडून करून घ्या. पालकांनाही त्यात आक्षेपार्ह काही दिसणार नाही, आणि नव्या तासाची सगळ्यांना सवय होईल.

मग भावना. हा माझा आवडता भाग, म्हणून जरा पसरून सांगते. मुलांजवळ आजकाल तीनच शब्द असतात: गुस्सा, बोर आणि मज़ा. आपल्या मराठीत मात्र शरीर आधी बोलतं. पोटात गोळा येतो, छातीत धडधडतं, घशाला कोरड पडते, अंगावर काटा येतो, हातपाय गळतात, कानशिलं तापतात. हे वाक्प्रचार आपण परीक्षेत वाक्यात उपयोग करायला दिले आणि वाया घालवले. भीती नावाची गोष्ट मुलाला कळायच्या आधी त्याच्या पोटाला कळलेली असते. वर्गात प्रत्येकाला सांगा, घरून आजीला विचारून या, भीती वाटली की तुमच्या घरी काय म्हणतात. सिंधी आजीकडून एक येईल, माळवीतून एक येईल, फळा भरून जाईल. मग कागदावर माणसाची बाह्याकृती काढून द्या आणि कुठली भावना अंगात कुठे वाटते ते रंगवायला सांगा. हिरमुसणं, ओशाळणं, बावरणं, हेवा, धास्ती असे शब्द त्या चित्रावर लिहा. यातून पुढे एक मोठं काम होतं. ‘वाईट स्पर्श झाला’ असं म्हणायला मुलाला वर्षं लागतात. ‘त्या घरी गेलं की माझ्या पोटात गोळा येतो’ हे ते उद्याच म्हणू शकतं.

मुलग्यांकडे इथे खास लक्ष द्या. ‘मुलीसारखा रडतोस काय’ हे वाक्य वर्गात आणि स्टाफरूममध्ये, दोन्हीकडे बंद करा. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल काढला होता. त्यात ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं, आणि त्रास झालेल्यांमध्ये मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते, सुमारे ५३ टक्के. त्रास देणारी निम्मी माणसं ओळखीची, विश्वासातली होती. बहुतेक मुलांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. हा अहवाल आता जुना झाला, पण पालकसभेत हे आकडे सांगा. आपण मुलींना सांभाळून घरी आणतो आणि मुलग्याला ‘जा, खेळून ये’ म्हणतो.

गुपित आणि गंमत यांतला फरक हा एक वेगळा तास. बाबांच्या वाढदिवसाला काय आणलंय ते लपवणं ही गंमत. ती संध्याकाळी उघडणार असते, आणि उघडल्यावर सगळे हसतात. जे कधीच उघडायचं नाही, ‘आईला सांगितलंस तर आई मरेल’, ‘सांगितलंस तर मला पोलीस नेतील’ अशा धमकीची ज्याला राखण असते, ते गुपित. ते ठेवायचं नाही, कितीही मोठ्या माणसाने शपथ घातली असली तरी. आधी कबूल केलं असेल तरी मोडायचं. मुलांना वचन मोडायची भीती वाटते, कारण वचन पाळावं हे आपणच शिकवलेलं असतं. म्हणून परवानगीही आपणच, मोठ्या आवाजात द्यायची.

त्यानंतर हाताचा पंजा. मुलं वहीवर आपला हात ठेवून आखतात आणि प्रत्येक बोटावर एका माणसाचं नाव लिहितात, ज्याला काहीही सांगता येईल. एक तरी नाव घराबाहेरचं हवं. पहिल्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याकडे जायचं, दुसऱ्याने नाही तर तिसऱ्याकडे, कुणी ऐकेपर्यंत. तुमच्या वर्गातलं एखादं मूल दोनच बोटं भरून थांबेल. ते तुम्ही पाहून ठेवा, काही बोलू नका. आठवडाभरात त्याच्याशी तुमची जरा जास्त ओळख झालेली असली पाहिजे.

शाळेचा नकाशाही काढायला सांगा. जिथे बरं वाटतं तिथे हिरवा, जिथे नको वाटतं तिथे लाल. मागचं स्वच्छतागृह, जिना, पाण्याच्या टाकीची बाजू, व्हॅन उभ्या राहतात ती जागा. तीस नकाशांत एकाच जागी लाल रंग आला तर तो कागद घेऊन प्राचार्यांकडे जा. कदाचित तिथे फक्त दिवा लागत नसेल. लावून घ्या. मुलांनी सांगितलं आणि दिवा लागला, यातून ती जे शिकतील ते तुमच्या पुस्तकातल्या कुठल्या पानावर नाही.

मैत्री आणि कट्टी-बट्टीवर मी काही सांगत नाही, १९ वर्षांत तुम्ही ती रोजच सोडवलेली आहे. एवढंच, की ‘तू माझ्याशीच खेळायचं, नाहीतर कट्टी’ हेसुद्धा एक प्रकारे धमकावणंच असतं, हे मुलांना त्यांच्या भाषेत कळू द्या. आणि मोठ्या वर्गातल्या मुलाकडून काही घडलं असेल तर त्यालाही मूल म्हणूनच वागवायचं असतं, त्याच्याही मागे काहीतरी असतं.

प्रश्नपेटी ठेवा. पण चिठ्ठी सगळ्यांनी टाकायची, प्रश्न नसेल त्याने फुलाचं चित्र काढून टाकायचं. नाहीतर पेटीकडे कोण गेलं याच्याकडेच वर्गाचं लक्ष राहतं.

आता पालकसभा. प्राचार्य म्हणाले ते खरं आहे. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२० पासून प्राथमिक शाळांत नात्यांचं शिक्षण सक्तीचं आहे. पण तिथेही सगळं सुरळीत झालं नाही. त्याच्या आदल्या वर्षी बर्मिंगहॅममध्ये शाळांच्या दाराशी पालकांची निदर्शनं झाली होती. तेव्हा ‘परदेशात करतात’ हा मुद्दा सभेत काढूच नका, त्याने आपल्याकडचे पालक आणखी बिथरतात. त्यांच्या मनात २००७ सालचा वादही असू शकतो. तेव्हा किशोरवयीनांच्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावरून वाद होऊन मध्यप्रदेशने आणि महाराष्ट्रानेही तो थांबवला होता. आता २०२० पासून केंद्राचा शालेय आरोग्य कार्यक्रम आहे, त्यात भावनिक आरोग्य, नाती, हिंसेपासून सुरक्षितता, इंटरनेटचा वापर असे ११ विषय आहेत. पण तो सहावीपासून वरच्या वर्गांसाठी. तुमचे तिसरीवाले त्यात येतच नाहीत. आणि २००७ च्या त्याच अहवालात सर्वांत जास्त धोका ५ ते १२ या वयाला असल्याचं लिहिलेलं आहे. ‘एवढ्या लहान वयात कशाला’ याला माझ्याकडे याहून सरळ उत्तर नाही.

सभेत पुस्तक आधी पालकांच्या हातात द्या, पान न् पान. लपवलेली वस्तूच माणसाला भिववते. शेवटी मात्र त्यांना एक विनंती करा, आणि ती सगळ्यांत अवघड आहे: मुलाच्या छोट्या ‘नको’ला घरी मान द्या. ‘मामाला पापी दे’, ‘आत्याच्या मांडीवर बस, आगाऊपणा करू नको’, हे आपण प्रेमाने म्हणतो. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला नेतो, आणि घरी आल्यावर नको-नको म्हणणाऱ्या पोराला चार जण धरून रंग फासतात, ते रडतं आणि आपण ‘बुरा न मानो’ म्हणून हसतो. मूल त्या दिवशी काय शिकतं? की माझं ‘नको’ मोठ्यांना गमतीचं वाटतं. नाही म्हणणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. आपल्याकडे नमस्कार आहे, तो लांबूनही करता येतो आणि त्यात पूर्ण आदर असतो. आलेल्या पाहुण्याला मुलाने हात जोडावेत, पापी द्यायची की नाही हे त्याने ठरवावं.

कुणी म्हणेल, लेकरं घरी येऊन आम्हालाच शिकवतील. शिकवू द्यात की. याच शहरात ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवायला आपल्याला कुणी लावलं? कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की बादली घेऊन धावणारी मुलंच होती ती. आजोबांच्या हातातली केळ्याची साल त्यांनी निळ्या डब्यातून काढून हिरव्यात टाकली. २०१७ मध्ये इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलं तेव्हा त्या पोरांचा केवढा अभिमान वाटला होता आपल्याला.

सासूबाईंशी वाद घालू नका. एखाद्या दुपारी भाजी निवडताना त्यांना विचारा, तुम्ही लहान असताना घरातल्या मुलींना कुणाच्या खोलीत जायचं नाही असं सांगितलेलं होतं का? मी माझ्या सासूबाईंना विचारलं होतं. त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली आणि अर्धा तास बोलत राहिल्या. त्यांच्या वेळी हे नव्हतं असं नाही. सांगायला जागा नव्हती.

राहिलं तासाचं नाव. तुमच्या विषयाचं लांबलचक नाव वेळापत्रकाच्या चौकटीत मावणार नाही, आणि ‘सुरक्षा’ लिहिलं की मुलांना शिट्टी वाजवणारा चौकीदार आठवतो. ‘सांगण्याचा तास’ लिहा, हिंदीत ‘कहने की घंटी’. आणि हा तास तुम्हाला शनिवारचा शेवटचा दिला असेल तर तो आजच बदलून मागा. ज्या दिवशी गुपितावर बोलाल, त्या दिवशी कुणीतरी मधल्या सुट्टीत तुमच्या टेबलाभोवती घुटमळेल, पेन्सिलला टोक करायच्या निमित्ताने. त्या वेळी तुम्ही तिथे असायला हव्यात, आणि दुसऱ्या दिवशीही शाळा असायला हवी. सोमवारचा दुसरा तास मिळाला तर बघा.

आणि त्या मुलीच्या आईचा फोन, तो हे पत्र खाली ठेवल्याबरोबर.

तुमची,
मावशी